एक तास बारा मिनिटं

सिनेमावाले निवतीत आले तेव्हा
त्यांना एक बिघडलेलं कुत्रं हवं होतं.
गावानं एकमतानं आमच्या घराकडं बोट दाखवलं.
(एवढं एकमत आजवर
जेटीच्या डांबरावरही झालेलं नाही.)

तिरफळ.
आणला तेव्हा एवढासा, काळा, खरखरीत;
बाबा म्हणाले, जिभेला मुंग्या आणणार हा.
आणल्या त्या अख्ख्या वाडीला:
रुजायकाकीचे वाळत घातलेले बांगडे,
देवळाबाहेरच्या चपला, नेहमी डाव्याच,
दिगूची भूगोलाची वही,
आणि साखरपुड्याच्या दिवशी
माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची पँट,
गुडघ्यापासून खाली.
लग्न झालं.
पण सासरे पुढं बोलले ते गडग्यापलीकडूनच.

आई रोज सकाळी ओरडायची,
"मेल्या, तुका वाघान खावंदे!"
आणि रात्री सारातले दोन मोठे तुकडे
झाकून बाजूला ठेवायची,
मांजरासाठी म्हणून.
आमच्याकडं मांजर नव्हतं.

दिग्दर्शक पुण्याचा. त्या उकाड्यात
अंगात चार खिशांचं जाकीट.
म्हणाला, सोपं आहे,
पाहुणे जेवायला बसतील,
यानं मध्ये घुसायचं, पानावरचं पापलेट पळवायचं.
बाबा हसले.
म्हणाले, सात वर्षं तालीम चाललीय.

दिवे लागले, पांढऱ्या छत्र्या उघडल्या,
कुणीतरी ओरडलं, आणि तिरफळ
पुढचे पाय जुळवून खाली बसला.
पापलेटकडं पाहिलं त्यानं,
संकष्टीला माणूस पाहतो तसं.
पुन्हा. पुन्हा.
अकराव्या वेळी सिनेमातल्या आईनं
तुकडा स्वतः त्याच्या तोंडाशी धरला;
त्यानं मान वळवली समुद्राकडं.

खऱ्या आईचा चेहरा उतरला.
सात वर्षांत पहिल्यांदा
तिला त्याची लाज वाटली.
जाकीटवाल्याला गाठून म्हणाली,
"आमचो असो नाय हां.
आज ह्येका बरा नाय."

मग मुंबईहून गाडीतून दुसरा आला,
सोनेरी केसांचा, सोबत त्याचा माणूस.
शिट्टी वाजली की बिघडायचा,
टाळी वाजली की सुधारायचा.
त्याला वेंगुर्ल्यात एसी खोली.
आम्हांला एक शाल.
तिरफळानं ती त्याच रात्री उभी फाडली
आणि आई कितीतरी दिवसांनी
पोट धरून हसली.

सिनेमा आम्ही कुडाळला पाहिला,
नऊ जण, मासळीच्या टेम्पोतून.
सोनेरी कुत्र्यानं उशा फाडल्या, लोक हसले.
शेवटी तो शहाणा झाला, लोक रडले.
बाबा कुजबुजले,
रडण्यासारखंच आहे ते.

पण एक तास बारा मिनिटांनी
नवरा-बायको वाळूत भांडत असतात, तेव्हा
उजव्या कोपऱ्यात, लांब,
रापणीच्या दोरांपलीकडून
एक काळा ठिपका पळत जातो.
तोंडात डावी चप्पल.
मागं एक छत्रीवाला, एका पायानं धडपडत.
चार सेकंद.
कुणी कापले नाहीत,
कुणाला दिसलेच नसणार.
टेम्पोतून घरी येताना
त्या चार सेकंदांवर आम्ही दीड तास बोललो.

तिरफळ जाऊन तिसरं वर्ष.
विहिरीजवळच्या माडाखाली आहे.
त्या माडाचे नारळ अवेळी पडतात,
शक्यतो कुणी खालून जात असताना.

आई जेवणं उरकली की
दिगूपुढं मोबाईल सरकवते, काही बोलत नाही.
तो नेमकं तिथं आणून देतो.
थांबव, म्हणते.
दोन बोटांनी चित्र ताणते,
तसा ठिपका वितळतो, नुसते काळे चौकोन,
कान कुठला, चप्पल कुठली कळत नाही.
तरी दटावते, "मेल्या, ठेय ती खाली."

आणि लगेच, घाईघाईनं,
सिनेमा पुन्हा चालू करते,
त्यानं ऐकायच्या आत.